जुना फोन, जुना लॅपटॉप : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवं घ्यायचं की आहे तेच चालवायचं, हा विषय हल्ली प्रत्येक घरात निघतो. फोन रेंगाळतो, लॅपटॉप सुरू व्हायला वेळ लावतो आणि दुकानात गेलं की 'आता हे जुनं झालं' एवढंच ऐकायला मिळतं. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. उपकरण हळू झालं म्हणून टाकून देऊ नये. पण त्याला सुरक्षेची अपडेट्स मिळणं थांबलं, तर त्यावरून पैशांचे व्यवहार करू नयेत, मग ते कितीही झकास चालत असो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विकणारे त्या एकत्र करून सांगतात आणि आपले पैसे नको तिथे जातात. खालची उत्तरं घरगुती वापर डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहेत.

फोन फार हळू झालाय. नवाच घ्यावा लागेल का?

आधी स्टोरेज किती भरलंय ते बघा. रेंगाळणाऱ्या फोनांपैकी बरेचसे इथेच सुटतात. फोनमधल्या फ्लॅश मेमरीत लिहिलेल्यावर थेट दुसरं लिहिता येत नाही. आधी मोकळे कप्पे लागतात, ते नसतील तर जुना मजकूर हलवून जागा करावी लागते. स्टोरेज काठोकाठ भरलं की फोन प्रत्येक छोट्या कामासाठी ही हलवाहलव करत बसतो, आणि आपल्याला वाटतं प्रोसेसर थकला. दहा-पंधरा टक्के जागा कायम मोकळी असावी.

जागा खाणारा पहिला संशयित बहुतेक वेळा व्हॉट्सॲप असतो. रोजच्या शुभ सकाळच्या चित्रांपेक्षा ग्रुपवर फिरणारे व्हिडिओ जास्त जागा घेतात. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज अँड डेटा' आणि त्यात 'मॅनेज स्टोरेज' उघडा. तिथे मोठ्या फाइल्स आकारानुसार लावलेल्या दिसतात आणि कोणत्या ग्रुपने किती जागा घेतली तेही कळतं. मग त्याच ठिकाणी 'मीडिया ऑटो-डाउनलोड' बंद करा, नाहीतर महिन्याभरात पुन्हा तेच.

मेमरी साफ करणारी 'क्लीनर' आणि 'बूस्टर' ॲप टाकू नका, असतील तर काढा. कोणतं ॲप मेमरीत ठेवायचं आणि कोणतं काढायचं हे अँड्रॉइड स्वतः ठरवतं. मागची ॲप सारखी बंद केल्याने ती पुन्हा उघडताना जास्त काम पडतं, बॅटरीही जास्त जाते. या क्लीनरांमध्ये जाहिराती खच्चून भरलेल्या असतात. फोन हळू होण्याचं तेच एक कारण असतं.

एवढं करूनही फरक पडला नाही, तर सगळ्याचा बॅकअप घेऊन फॅक्टरी रीसेट, म्हणजे फोन पूर्ण पुसून नव्यासारखा, करून बघा. त्यानंतरही फोन अडखळत असेल तरच प्रश्न रॅमचा किंवा प्रोसेसरचा आहे. दोन-तीन जीबी रॅमच्या फोनवर आजची ॲप खरोखरच मावत नाहीत, तिथे इलाज नाही.

फोनमध्ये जागा आहे, तरी 'स्टोरेज भरलं' असा मेल येतो. का?

तो मेल फोनच्या नव्हे, गुगल खात्याच्या जागेबद्दल असतो. खात्याला फुकट मिळणारे १५ जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज यांच्यात मिळून असतात. १ जून २०२१ पासून नवे फोटो त्यात मोजले जाऊ लागले. पुढे अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्यातच धरायला सुरुवात झाली. म्हणून वर्षानुवर्षं निवांत असलेली खाती अचानक भरली.

हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही. खातं भरलं की जीमेलवर मेल येणं थांबतं, म्हणजे बँकेचं स्टेटमेंट, परीक्षेचं हॉलतिकीट, नोकरीचं बोलावणं, सगळंच. व्हॉट्सॲपच्या बॅकअपमधून व्हिडिओ वगळा. जुने मोठे जोडपत्रांचे मेल काढा.

इथे एक धोका आहे. गुगल फोटोजमध्ये जाऊन फोटो 'डिलीट' केला की तो फोनमधूनही जातो आणि क्लाउडमधूनही, म्हणजे गुगलकडच्या साठ्यातूनही. फक्त फोनची जागा मोकळी करायची असेल तर त्याच ॲपमधला 'फ्री अप स्पेस' हा पर्याय वापरा. चुकून काही गेलं तर आधी 'ट्रॅश' बघा, बॅकअप झालेले फोटो तिथे ६० दिवस राहतात. घरच्या सोहळ्यांचे फोटो एका पोर्टेबल हार्ड डिस्कवरही ठेवावेत, असं मी आग्रहाने सांगेन. फक्त क्लाउडवर ठेवलेले फोटो एका विसरलेल्या पासवर्डवर अवलंबून असतात.

रात्रभर चार्जिंगला लावल्याने बॅटरी खराब होते का?

बॅटरी 'जास्त भरून' फुटत नाही. भरली की फोन करंट घेणं थांबवतो. पण लिथियम-आयन बॅटरीला दोन गोष्टी मानवत नाहीत : उष्णता आणि पूर्ण भरलेल्या अवस्थेत तासन्‌तास पडून राहणं. उशीखाली चार्ज होणारा फोन या दोन्ही एकदम सोसतो. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भात कारच्या डॅशबोर्डवर नकाशा लावून चार्ज होणाऱ्या फोनचे हाल त्याहून वाईट.

आता बऱ्याच नव्या फोनांत ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय असते. ती चालू करा. दिवसभर बाहेर राहायचं असेल त्या दिवशी पूर्ण भरा. शून्यावर नेऊन मग भरण्याची सवय जुन्या निकेल बॅटऱ्यांच्या काळातली आहे. आजच्या बॅटरीला त्याने नुकसानच होतं.

बॅटरीचं आयुष्य चार्जिंगच्या फेऱ्यांत मोजतात. आयफोन १४ पर्यंतच्या फोनांसाठी ॲपल ५०० फेऱ्यांनंतर ८० टक्के क्षमता उरेल असं सांगते, आयफोन १५ पासून १,०००. म्हणजे रोज एक फेरी धरली तर साधारण दीड ते पावणेतीन वर्षं. त्यानंतर फोन म्हातारा झालेला नसतो, बॅटरी झालेली असते. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलने स्वतःच मान्य केलं होतं, की बॅटरी थकलेल्या आयफोनचा वेग ते मुद्दाम कमी करतात, म्हणजे फोन अचानक बंद पडू नये. बॅटरी बदलली की त्या फोनांचा वेग परत येत होता. म्हणून तीन-चार वर्षांच्या चांगल्या फोनला आधी नवी बॅटरी घाला. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधूनच घाला, स्वस्त नकली बॅटरीत वाचणारे पैसे त्या जोखमीच्या लायकीचे नसतात.

फोनचं मागचं कव्हर फुगल्यासारखं दिसतंय.

बॅटरी फुगली आहे. फोन लगेच बंद करा, चार्जिंगला लावू नका, दाबून कव्हर बसवायचा प्रयत्न करू नका, टाचणी तर अजिबात लावू नका. जळणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवा आणि सर्व्हिस सेंटरला न्या. हेच लॅपटॉपलाही लागू. टचपॅड वर उचलला गेला किंवा क्लिक होईनासा झाला, तर खाली बॅटरी फुगलेली असण्याची दाट शक्यता असते.

फोन छान चालतो, पण अपडेट येत नाहीत. तसाच वापरला तर काय बिघडतं?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच.

अपडेट दोन प्रकारची असतात. एक नवी आवृत्ती, म्हणजे अँड्रॉइड १४ वरून १५. ती आली नाही तरी फारसं अडत नाही. दुसरी सुरक्षेची. अँड्रॉइडमध्ये सापडलेल्या त्रुटी गुगल नियमितपणे जाहीर करतं. ऑगस्ट २०१५ मध्ये ही पद्धत सुरू झाली, कारण त्याच सुमारास 'स्टेजफ्राइट' नावाची त्रुटी उघड झाली होती. नुसता एक एमएमएस पाठवून फोनचा ताबा मिळवता येईल अशी ती होती. त्रुटी जाहीर झाली की ती चोरालाही कळते. ज्या फोनना दुरुस्ती मिळते ते वाचतात, बाकीचे उघडे पडतात.

कंपन्या अपडेट थांबवतात त्यामागे फक्त नवा फोन विकण्याचा हेतू नसतो. अँड्रॉइडखाली लिनक्स कर्नल, म्हणजे हार्डवेअर चालवणारा गाभा, असतो आणि त्याच्यासोबत चिप बनवणाऱ्याची ड्रायव्हर सॉफ्टवेअरं. चिपवाल्याने त्या चिपकडे लक्ष देणं सोडलं, की फोन कंपनीलाही पुढचं अपडेट करणं महाग आणि अवघड होतं. तरीही ही सबब अर्धीच खरी आहे. पिक्सेल ८ सोबत २०२३ मध्ये गुगलने आणि गॅलक्सी एस२४ सोबत २०२४ मध्ये सॅमसंगने सात वर्षांची हमी दिली, म्हणजे मनात आणलं तर जमतं.

तुमच्या फोनची स्थिती अशी पाहा : सेटिंग्ज, मग 'अबाउट फोन', मग 'अँड्रॉइड व्हर्जन'. तिथे 'सिक्युरिटी अपडेट'ची तारीख दिसेल. ती काही महिन्यांपूर्वीची असेल तर ठीक. दोन वर्षं जुनी असेल, तर त्या फोनवरून यूपीआय आणि बँकेची ॲप काढून टाका. तो फोन गाणी ऐकायला, किंडलवर वाचायला, स्वयंपाकघरात रेसिपी बघायला, व्हिडिओ कॉलला ठेवा. त्यातही ब्राउझर जपून वापरा. क्रोमने २०२५ मध्ये अँड्रॉइड ८ आणि ९ ला नव्या आवृत्त्या देणं थांबवलं आहे.

हौशी मंडळी लिनिएजओएससारखी दुसरी अँड्रॉइड टाकून जुना फोन ताजा करतात. शिकण्यासाठी उत्तम, पण अशा फोनवर बँकांची ॲप बऱ्याचदा चालत नाहीत. घरातल्या एकुलत्या एका फोनवर हा प्रयोग नको.

मग नवा फोन घेताना काय बघायचं?

किती वर्षं सुरक्षा अपडेट मिळणार, ते. कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल नंतर. मुदत बहुधा फोन बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही विकत घेतल्यापासून नव्हे, त्यामुळे दोन वर्षं जुनं मॉडेल सवलतीत मिळतं तेव्हा त्याची दोन वर्षं आधीच संपलेली असतात. चांगली अपडेट महागड्याच फोनला मिळतात असंही राहिलेलं नाही. गॅलक्सी ए१६ ५जीसारख्या मध्यम किमतीच्या फोनला सहा वर्षांची हमी होती.

युरोपात राहणाऱ्यांसाठी : युरोपीय संघात २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनुसार फोनची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षं अपडेट देणं आणि ८०० फेऱ्यांनंतर ८० टक्के क्षमता राखणारी बॅटरी देणं बंधनकारक आहे. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, त्यावर कंपन्यांची दुरुस्तीची माहिती एकत्र मिळते. युरोपासारखी सक्ती इथे हवी, असं मला मनापासून वाटतं.

व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली, उघडली तर 'इन्स्टॉल करा' म्हणते.

करू नका. पत्रिका चित्र असते, पीडीएफ असते, फार तर व्हिडिओ. ती इन्स्टॉल करावी लागत नाही. फाइलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असेल तर ते ॲप आहे आणि ते तुमचे एसएमएस, म्हणजेच ओटीपी, दुसरीकडे पाठवायला बनवलेलं असतं. आरटीओचं चलन, वीज तोडण्याची नोटीस, बँकेचं केवायसी ही याच फसवणुकीची इतर रूपं. ओळखीच्या माणसाकडून आली म्हणून विश्वास ठेवू नका. त्याचा फोन आधीच फसलेला असतो आणि तिथून ती आपोआप पुढे जाते.

इन्स्टॉल झालंच असेल तर : फोन एअरप्लेन मोडवर टाका, वायफायही बंद करा आणि सिम काढा. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं आणि कार्ड गोठवा. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, पहिल्या तासात रक्कम अडवता येण्याची शक्यता सर्वात जास्त असते. मग फोन फॅक्टरी रीसेट करा. नुसतं ॲप काढून समाधान मानू नका.

घरातल्या ज्येष्ठांना यावरून रागावू नका. रागावल्यावर पुढच्या वेळी ते सांगतच नाहीत आणि तो तास हातचा जातो.

माझ्या लॅपटॉपवर विंडोज १० आहे. आता काय?

विंडोज १० ची नेहमीची अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. लॅपटॉप चालतोच, पण नव्या त्रुटींवर दुरुस्ती आपोआप येत नाही. तुमच्यापुढे तीन वाटा आहेत.

पहिली, विंडोज ११ फुकट घेणं. त्याला टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी चिप), सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय), किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. पण खरी अट प्रोसेसरची आहे : इंटेल असेल तर बहुतांशी आठव्या पिढीचा किंवा पुढचा. पिढी ओळखायला सोपी आहे. आय५-८२५०यू असं नाव असेल तर डॅशनंतरचा ८ म्हणजे आठवी पिढी. आय५-७२००यू म्हणजे सातवी, तिथे दार बंद. साधारण २०१८ नंतर घेतलेले बरेच लॅपटॉप बसतात. कधी कधी टीपीएम असतं, पण बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये, बंद ठेवलेलं असतं. तेवढ्यासाठी 'तुमचा लॅपटॉप चालणार नाही' असं सांगितलं जातं, म्हणून एकदा तपासून घ्या. अटी चुकवून विंडोज ११ टाकायच्या युक्त्या फिरतात. घरच्या कामाच्या लॅपटॉपवर मी त्या सुचवत नाही, कारण अशा संगणकाला पुढची अपडेट मिळतीलच याची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही.

दुसरी, मुदतवाढ. घरगुती वापरणाऱ्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळवून देणारी योजना आहे. विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती हवी, मायक्रोसॉफ्ट खातं हवं. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यात ठेवला तर वेगळे पैसे पडत नाहीत. विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा पर्याय दिसतो. ही वाट म्हणजे विचार करायला मिळालेला वेळ, एवढंच.

तिसरी, लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी टाकता येणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम. त्याबद्दल खाली लिहिलंय. विंडोज १० वरच काही न करता वर्षानुवर्षं नेटबँकिंग करणं ही चौथी वाट मी मोजतच नाही.

लॅपटॉप सुरू व्हायला दहा मिनिटं लागतात. फॉरमॅट मारू का?

आधी आत हार्ड डिस्क आहे की एसएसडी (चिपवर साठवणारी डिस्क) ते बघा. टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स'खाली दिसतं. हार्ड डिस्क असेल आणि तिथला आकडा सतत १०० टक्क्यांवर असेल, तर फॉरमॅटने चार दिवस बरं वाटेल, मग पुन्हा तेच. लॅपटॉपच्या हार्ड डिस्कमध्ये मिनिटाला बहुधा ५,४०० वेळा फिरणारी तबकडी असते आणि दर वेळी वाचणाऱ्या काट्याला योग्य जागी पोचावं लागतं. सेकंदाला शंभरेक अशा उड्या, त्यापलीकडे ती जात नाही. विंडोज १० ला सुरू होताना हजारो बारीक फाइल्स वाचाव्या लागतात. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं.

जुन्या लॅपटॉपवर खर्च करायचाच असेल तर तो इथे करा. अडीच इंची साटा एसएसडी जुन्या डिस्कच्या जागी बसते, आणि दहा वर्षांपूर्वीच्या आय३ मध्येही असा फरक पडतो की घरचे विचारतात नवा घेतला का. रॅम ४ जीबी असेल तर ८ करा. पुण्यात बुधवार पेठेतली तापकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, किंवा तुमच्या गावातला भरवशाचा दुरुस्तीवाला हे काम तासाभरात करतो. जुनी डिस्क परत मागून घ्या. तिच्यात तुमचा सगळा डेटा असतो.

लॅपटॉपची तारीख सारखी मागे जाते आणि वेबसाइट उघडत नाहीत. व्हायरस आहे का?

नाही. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली आहे. डेस्कटॉपमध्ये ती बहुधा सीआर२०३२ असते, घड्याळजीकडेही मिळते. तारीख चुकली की वेबसाइटची सुरक्षा प्रमाणपत्रं 'अजून सुरू झालेली नाहीत' असं ब्राउझरला वाटतं आणि तो पान अडवतो. यासाठी कोणी विंडोज नव्याने टाकायचे पैसे मागत असेल तर देऊ नका.

लिनक्स घरच्यांना जमेल का?

काम काय आहे त्यावर अवलंबून. ब्राउझर, यूट्यूब, मेल, पत्र लिहिणं, मुलांचा अभ्यास एवढंच असेल तर जमतं, आणि चांगलं जमतं. केरळमधल्या सरकारी शाळा वर्षानुवर्षं लिनक्सवर शिकवत आहेत. विंडोजची सवय असलेल्यांना मी लिनक्स मिंट सुचवतो. त्याचा मेनू ओळखीच्या जागी असतो आणि २२ मालिकेला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. ४ जीबी रॅम असेल तर त्याची हलकी एक्सएफसीई आवृत्ती घ्या.

टाकण्यापूर्वी पेन ड्राइव्हवरून चालवून बघता येतं, डिस्कला हात न लावता. तेव्हा वायफाय, आवाज, कॅमेरा आणि मुख्य म्हणजे प्रिंटर तपासा. प्रिंटरवरच बरेच जण अडतात.

पण दुकानाचे हिशेब टॅलीवर असतील, जीएसटीसाठी डिजिटल सहीचं टोकन वापरत असाल, किंवा डीटीपीची, म्हणजे छपाईसाठी पानं लावण्याची, कामं करत असाल, तर विंडोज सोडू नका. लिनक्सवरच्या प्रेमापोटी कोणाचा धंदा अडवण्यात अर्थ नाही.

बत्तीस बिटी प्रोसेसरचा संगणक असेल तर त्याला आता विश्रांती द्या. लिनक्सच्या मुख्य वितरणांनीही, म्हणजे मिंटसारख्या तयार आवृत्त्यांनीही, ती साथ सोडत आणली आहे.

माझ्याकडे श्रीलिपी आणि कृतिदेवमधल्या जुन्या मराठी फाइल्स आहेत. नव्या लॅपटॉपवर त्या वाचता येतील का?

फॉन्ट असेल तर दिसतील, नसेल तर इंग्रजी अक्षरांचा काला दिसेल. युनिकोडपूर्वीच्या, म्हणजे सगळीकडे चालणारा प्रमाण अक्षरसंकेत येण्याआधीच्या, या फॉन्टमध्ये आत साठवलेली अक्षरं इंग्रजीच असतात, फॉन्ट फक्त त्यांना देवनागरीचा चेहरा देतो. म्हणून त्या मजकुरात शोध घेता येत नाही, तो फोनवर वाचता येत नाही, मेलने पाठवला तर समोरच्याला कळत नाही.

जुना लॅपटॉप चालू आहे तोवरच हे काम करून घ्या. संस्थांचे वृत्तांत, वडिलांचे लेख, स्मरणिका, भिशीच्या नोंदी, काय काय या फाइल्समध्ये अडकलेलं असतं. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये बदलणारी साधनं मिळतात, पण प्रत्येक फॉन्टचा नकाशा वेगळा असतो, त्यामुळे नेमका फॉन्ट कोणता ते आधी नोंदवा. बदलल्यावर तपासणी हवीच. रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि 'ऱ्या'सारखी जोडाक्षरं हमखास बिघडतात. सोबत मूळ फाइलची पीडीएफही करून ठेवा, म्हणजे शंका आली तर मूळ रूप पाहता येईल.

पुढचं सगळं युनिकोडमध्येच लिहा. विंडोजमध्ये २०१९ पासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आतच आहे, लिनक्समध्ये आयबस हे टायपिंगचं साधन आहे, फोनवर गुगलचा जीबोर्ड. इनस्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांची प्रमाण कीबोर्ड रचना शिकायची तयारी असेल तर सर्वात उत्तम, कारण ती तिन्हीकडे एकच राहते.

फोन भिजला. तांदळात ठेवू का?

नको. तांदूळ ओल शोषत नाही म्हणावा इतकी कमी शोषतो, आणि त्याची पावडर चार्जिंगच्या खाचेत जाते. ॲपलनेही तांदळात ठेवू नका असं स्पष्ट सांगितलं आहे. फोन बंद करा, खाच खाली धरून हलकेच थोपटा, पुसा आणि पंख्याच्या वाऱ्यात दिवसभर ठेवा. तोवर चार्जर लावायचा नाही, सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं. हेअर ड्रायर नको. समुद्राच्या पाण्यात पडला असेल तर थांबू नका, थेट सर्व्हिस सेंटर. मीठ आत राहिलं की गंज थांबत नाही.

दुरुस्तीला देताना फोनचा पिन द्यावा का?

शक्यतो नाही. बॅटरी किंवा स्क्रीन बदलायला पिन लागत नाही. सॅमसंगमध्ये 'मेंटेनन्स मोड' आणि पिक्सेलमध्ये 'रिपेअर मोड' असतो. तो चालू केला की फोन तपासता येतो, पण तुमचे फोटो आणि ॲप दिसत नाहीत. सिम आणि मेमरी कार्ड काढूनच द्या.

आईसाठी साधा बटणांचा फोन घेऊ का?

तिला विचारून घ्या. तिला नातवंडांचे चेहरे बघायचे असतील तर बटणांचा फोन म्हणजे शिक्षाच. फक्त बोलायचं असेल तर बटणांचा फोन चांगला, पण तो ४जीचा असू द्या. जिओचं २जी जाळंच नाही, त्यामुळे कपाटातल्या जुन्या फोनमध्ये ते सिम चालत नाही. मार्च २०२२ पासून यूपीआय १२३पे आल्यामुळे साध्या फोनवरूनही पैसे देता येतात.

जुना फोन विकत घेताना किंवा देऊन टाकताना काय करायचं?

घेताना : *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक, मिळवा. मग 'केवायएम', एक जागा सोडून तो क्रमांक, असा एसएमएस इंग्रजी अक्षरांत १४४२२ वर पाठवा. चोरीची नोंद झालेला फोन तिथे 'ब्लॅकलिस्टेड' दिसतो. दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवरही हे तपासता येतं. तुमचा स्वतःचा फोन हरवला तर पोलिसांकडे नोंद करून त्याच पोर्टलवरून तो देशभर बंद करवता येतो. त्यासाठी आयएमईआय आजच कागदावर लिहून ठेवा. फोन गेल्यावर तो क्रमांक शोधायला फोनच लागतो.

देताना : आधी सेटिंग्जमधून गुगल खातं काढा, मग फॅक्टरी रीसेट करा. क्रम महत्त्वाचा आहे. खातं न काढता रिकव्हरीतून, म्हणजे बटणं दाबून उघडणाऱ्या मेनूतून, पुसला तर अँड्रॉइड ५.१ पासूनची चोरीविरोधी सोय पुढच्या माणसाकडे तुमचाच पासवर्ड मागते आणि फोन त्याच्या उपयोगाचा राहत नाही. लॅपटॉपच्या जुन्या हार्ड डिस्कवर नुसतं 'डिलीट' पुरत नाही. विंडोजच्या 'रीसेट धिस पीसी'मध्ये ड्राइव्ह पूर्ण साफ करण्याचा पर्याय निवडा, वेळ लागला तरी.

आणि जे कोणाच्याच कामाचं नाही ते भंगारात घालू नका. तांब्यासाठी वायरी उघड्यावर जाळल्या जातात आणि ते काम करणाऱ्यांच्या फुप्फुसात तो धूर जातो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी जुनी उपकरणं मार्गी लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. त्यामुळे ज्या कंपनीचा फोन असेल तिच्या सर्व्हिस सेंटरला 'ई-कचरा घेता का' असं विचारा. अनेक महापालिका आणि सोसायट्याही संकलनाचे दिवस ठरवतात. फुगलेली बॅटरी मात्र त्या ढिगात तशीच टाकू नका. ती वेगळी द्या आणि देताना तसं सांगा.